गरोदर मातेचे आरोग्य : तीन आकड्यांची भाषा
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे बाळ जन्माला आले की पहिला प्रश्न असतो, "काय झालं?" त्याचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न येतो, "किती किलोचं?" पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ घरांत अजूनही चेहरे फुलतात किंवा पडतात. वस्तुतः बाळाच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. पण तो आपण फार उशिरा विचारतो. बाळाचे वजन प्रसूतीच्या दिवशी काट्यावर दिसते एवढेच. ते ठरत आलेले असते आधीचे नऊ महिने, आणि काही अंशी त्याच्याही कितीतरी वर्षे आधी, आईच्या शरीरात.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही हा विषय निवडला त्याला कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक छापील कागद, मग तो सोसायटीची नोटीस असो की वीजबिल, माझ्याच हाती दिला जातो. यंदा माझ्या वहिनीला दिवस गेले आणि उपकेंद्रातून मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड घरात आले. त्यात रकानेच रकाने आणि आकडेच आकडे. "काय लिवलंय बघ," असे आईने म्हटले तेव्हा अक्षरे वाचणे सोपे होते. पण रक्तदाब ११०/७०, वजन ४३ किलो यांचा अर्थ सांगायचा तर अभ्यास करणे भाग होते. गावातल्या आशाताई, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई आणि आपल्या कॉलेजचे ग्रंथालय यांच्या मदतीने जे समजले ते माझ्या वाचक मित्रमैत्रिणींपुढे ठेवत आहे. हा डॉक्टरांचा सल्ला नव्हे, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा. तो नीट समजावा यासाठी लागणारी ही पूर्वतयारी समजावी.

रक्तदाब : दोन आकडे आणि एक रेषा

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा जो उरतो तो खालचा. दंडाला पट्टा बांधून हा दाब मोजण्याची सोयीची रीत इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली, आणि स्टेथोस्कोप लावून दोन्ही आकडे ऐकण्याची युक्ती रशियाच्या कोरोटकॉफ यांनी १९०५ साली सांगितली. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे, आणि त्याला लागणारे साधन आज खेड्यातल्या उपकेंद्रातही असते.

गरोदरपणात स्त्रीच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. मग रक्तदाब वाढायला हवा, असे कोणालाही वाटेल. पण निसर्गाची योजना अशी की त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात. त्यामुळे मधल्या महिन्यांत रक्तदाब उलट थोडा उतरतो आणि शेवटच्या महिन्यांत पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. म्हणूनच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवून पहिला आकडा लिहून घेण्याला एवढे महत्त्व आहे. तो नसेल तर पुढच्या आकड्यांची तुलना करायची कशाशी?

वीस आठवड्यांनंतर, म्हणजे पाचव्या महिन्यापासून पुढे, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला आणि किमान चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तेवढाच राहिला, तर तो वाढलेला समजतात. दोहोंपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी तो वाढलेलाच. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसू लागला, की त्या विकाराला प्री-एक्लॅम्प्शिया म्हणतात. १६०/११० च्या पुढे गेला तर ते काम उद्यावर टाकायचे नसते. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जायचे असते.

पाटाचे पाणी आणि वार

रक्तदाबाचा आणि बाळाच्या आकाराचा संबंध काय, हे समजायला शेताचा दाखला उपयोगी पडतो. बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो वारेतून. आईच्या गर्भाशयातल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या वारेकडे रक्त आणतात. एरवी त्या अरुंद असतात. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी त्यांच्या भिंतींत शिरतात, तिथला स्नायू काढून टाकतात आणि अरुंद दंडाचा रुंद पाट करून टाकतात. पाट रुंद झाला की पाणी संथ आणि भरपूर येते, वाफा शेवटपर्यंत भिजतो.

काही स्त्रियांमध्ये हे पाट रुंद करण्याचे काम अर्धवट राहते. तोंड अरुंदच राहते, पाणी जोराने पण थोडे येते, आणि वाफ्याची कड कोरडी राहते. अशा वेळी बाळाची वाढ खुंटते. एवढ्यावरच हे थांबत नाही. उपाशी पडलेली वार काही द्रव्ये आईच्या रक्तात सोडते आणि ती आईच्या सर्वांगातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. त्यामुळे रक्तदाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, अंगावर सूज येते. म्हणजे ज्या बिघाडाने आईचा आकडा वाढतो, त्याच बिघाडाने बाळाचा आकडा घटतो. कार्डावरचे दोन वेगवेगळे रकाने मुळात एकाच झाडाला लागलेले असतात.

हा विकार कोणालाही होऊ शकतो. पहिलटकरीण, जुळे असलेली, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली, फार स्थूल असलेली, पूर्वीच्या गरोदरपणात हा त्रास झालेली, किंवा आईला वा बहिणीला तो झालेली स्त्री यांनी मात्र अधिक जपावे लागते. अशा जोखमीच्या स्त्रियांना डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांतच ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी असते त्यांना कॅल्शियमच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. पण विकार एकदा जडला की बाळ आणि वार बाहेर येणे हाच त्याच्यावरचा खरा उपाय. तोपर्यंत दाब आवरून धरायचा आणि योग्य वेळ साधायची, हे डॉक्टरांचे कौशल्य.

"बाहेरचं" नव्हे, रक्तदाबाचे

इथे घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या आजीची धाकटी जाऊ आठव्या महिन्यात गेली. आजी सांगते, तिचे पाय आणि तोंड सुजले होते. "पहिलटकरणीला सूज यायचीच," असे सगळे म्हणाले. मग दोन दिवस तिचे डोके फार दुखले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिला आकडी आली. डोळे फिरले, दात बसले, तोंडाला फेस आला. घरच्यांनी ही बाहेरची बाधा समजून देवऋषी आणला. अंगारा लावून झाला, लिंबू उतरून झाले. बैलगाडी जुंपेपर्यंत दुसरी आकडी येऊन गेली होती. आजी आजही तिचे नाव घेताना आवाज उतरवते.

सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली उजवीकडे दुखणे आणि शेवटी आकडी : वैद्यकशास्त्रात या आकडीला एक्लॅम्प्शिया म्हणतात आणि ती कोणत्याही भुताने आणलेली नसते. ती येण्याआधी बहुतेक वेळा रक्तदाबाने सूचना दिलेली असते. मॅग्नेशियम सल्फेट नावाचे अगदी स्वस्त औषध तिच्यावर गुणकारी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रियांना सामावून घेतले होते. प्री-एक्लॅम्प्शिया झालेल्या स्त्रियांना हे औषध वेळीच दिले तर आकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे त्या चाचणीत सिद्ध झाले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : बाळंत झाल्यावर धोका लगेच टळत नाही. आकडी प्रसूतीनंतरच्या दिवसांतही येऊ शकते. म्हणून बाळंतिणीचाही रक्तदाब मोजायचा असतो.

काट्यावरचा आकडा काय बोलतो?

आता दुसरा आकडा, आईचे वजन. गरोदरपणात आपल्याकडे सुमारे ९ ते ११ किलो वजन वाढावे, आणि पहिल्या तीन महिन्यांनंतर ते महिन्याला साधारण २ किलोच्या गतीने वाढावे, असे आपल्या आरोग्यसेविकांना शिकवलेले असते. या वाढीत बाळ असते, वार असते, गर्भजल असते, वाढलेले गर्भाशय आणि वाढलेले रक्त असते, आणि पुढे अंगावर पाजण्यासाठी शरीराने साठवलेली चरबी असते.

महिन्याला २ किलोपेक्षा कमी वाढ होत असेल तर पोटाला पुरेसे मिळत नाही, अशी शंका घ्यावी. पण वाढ जास्त म्हणजे चांगली, असेही सरसकट नाही. एका महिन्यात ३ किलोच्या वर वजन वाढले तर प्री-एक्लॅम्प्शिया, जुळे किंवा मधुमेह यांची तपासणी करावी लागते. कारण काटा वजन सांगतो, कशाचे ते सांगत नाही. अंगात साचलेले पाणीही काट्यावर किलोतच भरते. शेजारणी म्हणतात, "अंगानं भरली बाई!" आणि प्रत्यक्षात ती सुजलेली असते. म्हणूनच वजनाचा रकाना रक्तदाबाच्या रकान्याशेजारी ठेवून वाचायचा. दोन्ही एकदम चढू लागले तर ती धोक्याची घंटा.

स्थूल स्त्रीला गरोदरपणात रक्तदाबाचा आणि मधुमेहाचा धोका अधिक, आणि मधुमेहात बाळ प्रमाणाबाहेर मोठे होऊ शकते, हे खरे. शहरांत हा प्रश्न वाढतो आहे. पण आमच्यासारख्या घरांत प्रश्न बहुधा उलट टोकाचा असतो. आजी वहिनीला प्रेमानेच सांगते, "लई खाऊ नगं, प्वार मोठं झालं तर अडंल." आजीच्या काळी रस्ता नव्हता, शस्त्रक्रियेची सोय नव्हती. अडलेली बाई म्हणजे गेलेली बाई. त्या भीतीतून आलेले हे शहाणपण आहे. त्याला हसण्याचे कारण नाही. पण आज अडलेल्या बाईसाठी दवाखाना आहे, आणि पोटातच उपाशी राहिलेल्या बाळासाठी मागाहून फारसा उपाय नाही. सव्वादोन किलोचे बाळ सुखरूप बाहेर येते खरे, पण ते लवकर गारठते, त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो, ओढून दूध पिण्याची ताकद त्याच्यात कमी असते. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतात ज्यांचे जन्मवजन नोंदले गेले अशा बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अडीच किलोखाली होती.

सहा गावांनी जगाला शिकवलेला धडा

या विषयात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या साध्या खेड्यांनी जगाला मोठे ज्ञान दिले आहे, हे वाचून मला अभिमान वाटला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ साली असे दाखवले की, जन्मतः कमी वजन असलेल्या मुलांना पुढे मोठेपणी हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक असते. हा धागा धरून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्याचे वैशिष्ट्य असे की स्त्रियांचे वजन-उंची दिवस जाण्याच्या आधीपासून मोजून ठेवली होती.

काय दिसले? त्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४१.७ किलो आणि उंची १.५२ मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आत-बाहेर. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण नवल पुढेच आहे. ही बाळे सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव फार लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने पुष्कळ टिकून होती. "दिसायला बारीक, पण आतून चरबीचे" असे हे बाळ. भारतीयांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह का होतो, याचे एक मूळ या पाळण्यात असावे असे हे संशोधक मानतात.

याच गावांतल्या ७९७ गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की नुसत्या एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी अधिक जवळचा संबंध होता. जिच्या ताटात या गोष्टी वारंवार आल्या तिचे बाळ सरासरीने मोठे. मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला या तर आपल्या बांधावरच्या वस्तू. अडचण एवढीच की घरच्या बाईच्या ताटात त्या सगळ्यांचे वाढून झाल्यावर येतात, आणि आल्या तर.

२००३ च्या दुसऱ्या लेखात त्यांनी कामाचा हिशेब मांडला. शेतातले काम, पाणी आणणे, धुणे धुणे असे कष्ट जिला अधिक, तिचे बाळ सरासरीने लहान. म्हणजे बाळाचे वजन केवळ आईच्या ताटात नसते; ते तिच्या डोक्यावरच्या हंड्यातही असते.

मग गरोदर झाल्यावर चांगले खाऊ घातले की काम झाले का? मुंबईतल्या वस्त्यांत २००६ साली हा प्रयोग सुरू झाला. सुमारे ६,५०० स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला, तोही दिवस जाण्याच्या आधीपासून. २०१४ साली निष्कर्ष आले. सरसकट पाहिले तर बाळांच्या वजनात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नव्हता. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या तीन महिने किंवा त्याहून आधीपासून तो खाऊ खाल्ला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमनी जड होती. आणि हा लाभही फार हडकुळ्या स्त्रियांच्या बाळांना दिसला नाही. जे शरीर वर्षानुवर्षे रिकामे राहिले आहे, ते आलेला घास आधी स्वतःकडे ठेवून घेत असावे. पिकाला फुलोरा आल्यावर शेणखत टाकायला धावणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही. खत नांगरटीच्या वेळी घालायचे असते.

हा विषय आपला आहे

हे वाचले तेव्हा मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातली आरोग्य तपासणी आठवली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४० किलो, असे माझ्या कागदावर लिहिले होते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. आकडा १८.५ च्या खाली आला तर शरीर कृश समजतात. माझा आकडा १७.३ येतो. सहा गावांतल्या त्या मातांची सरासरी १८ होती. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या ज्या बायकांविषयी मी ग्रंथालयात बसून वाचत होते, त्यांच्यापेक्षाही मी कृश आहे. सकाळची एस. टी. पकडायची म्हणून चहा-बिस्किटावर निघणाऱ्या आणि दुपारचा डबा मैत्रिणीबरोबर वाटून खाणाऱ्या आपल्या वर्गातल्या पुष्कळ जणींचे गणित याहून वेगळे येणार नाही. तेव्हा हा विषय "लग्न झालेल्या बायकांचा" म्हणून बाजूला सारता येणार नाही.

थोडक्यात सांगायचे तर, एकटा आकडा मुका असतो. वजन, रक्तदाब आणि बाळाची वाढ हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि महिन्यामागून महिना वाचले, तर ते बोलतात. आमच्या घरी आता कार्ड मीठमसाल्याच्या डब्याशेजारी खुंटीला असते आणि भरलेला नवा आकडा मी मोठ्याने वाचून दाखवते. २०१६ सालापासून सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याची योजना आहे. वहिनीची ती तारीख आम्ही चुकवत नाही. पाण्याचे हंडे दादा आणतो. पहिले दोन दिवस आळीत हसू झाले, मग थांबले. आजीने अजून आपले मत सोडलेले नाही, पण परवा तिने स्वतःच्या ताटातली मेथीची भाजी उचलून वहिनीच्या ताटात घातली. हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा वहिनी बाळंत झालेली असेल. तिचे बाळ किती किलोचे भरेल हे आज कोणी सांगू शकत नाही. पण जे आपल्या हातचे होते ते केले, एवढे आम्ही म्हणू शकू.

वाचक बंधुभगिनींना शेवटी दोनच विनंत्या आहेत. घरात कोणी गरोदर असेल तर तिचे कार्ड मागून घ्या आणि वाचा. घरातल्या शिकलेल्या माणसाचे ते पहिले काम समजा. मुलांनी तर आवर्जून वाचावे, कारण हंडा कोणी उचलायचा हे पुष्कळदा त्यांच्याच हाती असते. आणि आपल्या महाविद्यालयाने दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थिनीचे वजन, उंची आणि रक्तदाब मोजून तिच्या हाती लिहून द्यावा. एक काटा, एक पट्टी आणि एक रक्तदाबाचे यंत्र एवढाच त्याचा खर्च आहे.